उशाशी उभे असलेले भुलीचे डॉक्टर

वाचकांचे प्रश्न

(डॉक्टर दिनानिमित्त आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं ऑपरेशन आणि भूल याबद्दलची होती. मिरज-सांगली भागात सारी हयात भूलतज्ज्ञ म्हणून काम करून निवृत्त झालेल्या डॉक्टरबाई त्यांतल्या काही पत्रांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : आईचं वय ७८. न्हाणीघरात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, अर्धा सांधा बदलावा लागला. आता ती वॉकर धरून चालते. सर्जनसाहेबांना आम्ही शाल, श्रीफळ, पेढे दिले. नंतर बिल बारकाईनं पाहिलं तर भुलीच्या डॉक्टरांची फी वेगळी लावलेली. पाठीत एक इंजेक्शन दिलं, एवढंच आईला आठवतं. आम्ही तर त्यांचा चेहराही पाहिला नाही. एका इंजेक्शनचे एवढे पैसे कसे? – एक वाचक, कराड

आई चालायला लागल्या हे वाचून फार बरं वाटलं. खुबा मोडलेलं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की छातीत कफ, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या, असं एकामागून एक सुरू होतं. म्हणून हे ऑपरेशन होईल तितक्या लवकर करायचं असतं. लवकर करायचं म्हणजे तयारीला वेळ कमी. त्या थोड्या वेळात आईंचं हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं, रक्त पातळ करायच्या गोळ्या हे सगळं बघून ‘यांना आज टेबलावर घ्यायचं का, आणि भूल कोणती द्यायची’ हे ज्यांनी ठरवलं, त्यांचाच चेहरा तुम्ही पाहिला नाहीत.

आता त्या इंजेक्शनविषयी. मणक्यात औषध गेलं की कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त पायांकडे उतरतं आणि रक्तदाब घसरतो. पंचविशीतलं शरीर हे सांभाळून घेतं. ७८ व्या वर्षी हृदयात तेवढी ताकद शिल्लक असेलच असं नाही. मग शिरेतून औषध देऊन दाब वर आणायचा, तोही बेतानं. सलाईन भरभर सोडावं तर फुप्फुसात पाणी साचतं, हात आखडता घ्यावा तर मूत्रपिंडं रुसतात. हे गणित एकदा करून भागत नाही. रक्त किती गेलं, दाब किती आहे, पेशंट नीट बोलतोय का, हात गार पडलाय का, यावर ते सतत नव्यानं मांडावं लागतं.

पुढे सांधा बसवताना पुष्कळदा हाडाच्या पोकळीत सिमेंट भरतात. ते दाबून भरताना हाडातली चरबी रक्तात शिरू शकते आणि बघता बघता ऑक्सिजन आणि रक्तदाब दोन्ही कोसळू शकतात. म्हणून चांगले सर्जन आधी मोठ्यानं सांगतात, “मॅडम, सिमेंट घालतोय.” ते शब्द कानावर पडले की मी नाडीवर बोटं ठेवायचे. औषधाची सिरिंज आधीच भरून शेजारी असायची. बहुतेक वेळा काहीच व्हायचं नाही. सिस्टर टाक्यांची तयारी करायच्या, सर्जन हातमोजे काढायचे, पेशंट विचारायचा, “झालं का हो?”

काहीच न होणं हेच आमच्या कामाचं फळ. सर्जनचं काम एक्स-रेवर दिसतं, नातेवाईक तो उजेडात धरून बघतात. न घसरलेला रक्तदाब मात्र कुठल्याच फिल्मवर उमटत नाही. मी मिरजेला शिकत होते तेव्हा बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्रही प्रत्येक टेबलाजवळ नसायचं. आमचे सर सांगायचे, नाडीवरून बोट उचलायचं नाही, ओठांचा रंग बघत राहायचं, जखमेतलं रक्त काळपट दिसलं तर सर्जनला थांबवायचं. आता पडद्यावर सगळे आकडे येतात. तरी पेशंटच्या उशाशी माणूस लागतोच, कारण आकडा कशानं बदलला हे पडदा सांगत नाही.

फी किती असावी हे मी इथून ठरवू शकत नाही. बिलात न समजलेलं काही असेल तर जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण ‘एका इंजेक्शनचे पैसे’ हा हिशेब मनातून काढून टाका. ते डॉक्टर आई टेबलावर असेपर्यंत आणि नंतर पायाला संवेदना परत येईपर्यंत त्यांच्यासाठी थांबले होते. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा त्यांचं नाव विचारा आणि भेटून या. आई स्वतः चालत त्यांच्यापर्यंत गेल्या तर त्या डॉक्टरांना काय वाटेल, हे मी अनुभवानं सांगू शकते.

प्रश्न : सिझर होऊन तीन वर्षं झाली, माझी कंबर अजून दुखते. मणक्यात भूल दिली म्हणून असं झालं, असं घरी सगळे म्हणतात. – एक वाचक, जत

ताई, सुई टोचलेल्या जागी काही दिवस ठणका राहू शकतो. पण वर्षानुवर्षं टिकणाऱ्या कंबरदुखीचा मणक्यातल्या भुलीशी संबंध अभ्यासांत आढळलेला नाही. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल होतात, पोटाच्या भारानं कण्याचा बाक वाढतो, नंतर बाळाला वाकून पाजणं, कडेवर घेणं, पाण्याच्या कळश्या उचलणं. कंबर दुखायला एवढं पुरे. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, व्यायाम शिकून घ्या. तीन वर्षं दुखणं अंगावर काढू नका.

भुलीमुळे खरोखर होऊ शकते ती डोकेदुखी. पहिल्या काही दिवसांत उठून बसलं की डोकं फुटल्यासारखं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं. तशी दुखली तर लगेच कळवावं, तिच्यावर इलाज आहे.

तुमच्या सिझरच्या वेळी टेबल थोडं डावीकडे कललेलं होतं, ते आठवतं का? गर्भपिशवीचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून तुमचा दाब घसरू नये आणि बाळाचं रक्त कमी होऊ नये म्हणून ते तसं करतात. तुम्हाला मळमळलं असेल तर दाब उतरतोय हे डॉक्टरांना त्यावरूनच आधी कळलं असेल. तिथे एकाच वेळी दोन जीवांची काळजी घेतली जात होती, हेही घरी सांगा.

प्रश्न : माझा चुलतभाऊ अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये टेबलावरच गेला. गावची पोरं दवाखाना फोडायला निघाली होती, मी आडवा पडलो. आता सगळे मला भित्रा म्हणतात. डॉक्टरांनी नीट काही सांगितलं नाही. आम्ही काय करायला हवं होतं? – एक वाचक, तासगाव तालुका

दादा, तुमचं दुःख मोठं आहे. अशा वेळी तुम्ही जे केलंत त्याला मी धैर्य म्हणते. त्याच दवाखान्यात त्या रात्री दुसरे पेशंट होते, एखादी बाळंतीण असेल, सलाईन लावलेलं एखादं पोर असेल. काचा फुटल्या असत्या तर पहिले त्यांचे हाल झाले असते.

‘नीट काही सांगितलं नाही’ हे तुमचं म्हणणं मात्र मी सोडून देणार नाही. टेबलावर मृत्यू झाला तर सर्जननं आणि भूलतज्ज्ञानं दोघांनी मिळून, नातेवाइकांना खाली बसवून, स्वतः बोलायला हवं. सिस्टरकडून निरोप पाठवणं योग्य नाही. पण आमच्या बाजूनं काय होतं तेही सांगते. तो डॉक्टर बराच वेळ छाती दाबून थकलेला असतो, स्वतः हादरलेला असतो, आणि दाराबाहेर जमाव वाढतोय हे त्याला ऐकू येत असतं. मार खायच्या भीतीनं तो मागच्या दारानं निघून जातो. तो निघून गेला की बाहेरच्यांना वाटतं, नक्कीच काहीतरी लपवतोय. हाणामारीच्या प्रत्येक बातमीनंतर बोलायला धजणारे डॉक्टर आणखी कमी होतात, आणि त्याचा तोटा तुमच्यासारख्या शांतपणे विचारणाऱ्यांना होतो.

आता करण्यासारखं. दवाखान्याकडे केसपेपर, भुलीची नोंद, तपासण्या यांच्या प्रती लेखी अर्ज करून मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. भुलीच्या कागदावर नाडी, दाब, दिलेली औषधं वेळेसकट लिहिलेली असतात. तो कागद दुसऱ्या एखाद्या भूलतज्ज्ञाला दाखवून समजून घ्या. शवविच्छेदन झालं असेल तर त्याचा अहवाल मिळवा. पुष्कळ घरांत ‘आता देहाची आणखी विटंबना नको’ म्हणून त्याला विरोध होतो, मला ते समजतं, पण काय घडलं याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं. हयगय झाली असं दिसलं तर ग्राहक आयोग आहे (डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच स्पष्ट केलं), महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे. फौजदारी तक्रारीत पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं, असं याच न्यायालयानं २००५ मध्ये सांगितलं. प्रत्येक मृत्यू म्हणजे गुन्हा नव्हे, हे त्यामागचं कारण.

आणि त्या पोरांना सांगा, २०१० पासून महाराष्ट्रात डॉक्टर, परिचारिका किंवा दवाखान्यावर हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. ज्याच्यासाठी ती निघाली होती तो परत आला नसता आणि आणखी चार घरांची पोरं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसली असती.

प्रश्न : मुलीची इंटर्नशिप संपत आली आहे. तिला भूलशास्त्रात एम.डी. करायचंय. मी म्हणतो, ज्यात स्वतःच्या नावाची पाटी लागत नाही असा विषय कशाला? बाईमाणसानं रात्री-अपरात्री फिरायचं का? – एक वडील, इस्लामपूर

पाटी लागत नाही हे खरं आहे. मी वर्षानुवर्षं एका दिवसात मिरज, सांगली, जयसिंगपूर अशा फेऱ्या केल्या, औषधांची पेटी गाडीत ठेवून. रात्री दोनला फोन आला की ‘बाळाचे ठोके उतरलेत, या’ एवढंच ऐकून निघायचं. माझी मुलं सासूबाईंनी वाढवली, हे मी कृतज्ञतेनं लिहिते. एखाद्या दवाखान्यात वीज गेली की अँब्यू बॅग (पेशंटला श्वास द्यायची पिशवी) हातानं दाबत राहायची, जनरेटर सुरू होईपर्यंत.

एम.डी.ची वर्षंही सोपी नसतात. निवासी डॉक्टरांना सलग १२ तासांपेक्षा आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त ड्युटी सहसा नसावी, असं केंद्र सरकारनं १९९२ मध्येच लिहून ठेवलं आहे. तुमच्या मुलीला इंटर्नशिपमध्ये रोज दिसणारे निवासी डॉक्टर किती तास जागे असतात, ते तिलाच विचारा. जागरणानं डोळे चुरचुरत असताना औषधाचा डोस मोजायचा असतो. या गोष्टीवर आपण सर्वांनी आवाज उठवला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. झोपलेला पेशंट ज्याच्या भरवशावर आहे, तो तरी पुरेसा झोपलेला असावा.

पण आता दुसरी बाजू ऐका. ग्रामीण रुग्णालयात थिएटर असतं, सर्जन असतो, आणि भूलतज्ज्ञ नाही म्हणून अडलेल्या बाईला पुढे पाठवावं लागतं. ती वाटेत किती भोगते हे मी पाहिलं आहे. ही उणीव एवढी मोठी की एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं खास प्रशिक्षण देऊन तातडीच्या बाळंतपणासाठी भूल द्यायला शिकवण्याची योजना सरकारला काढावी लागली. जिथे तुमची मुलगी उभी राहील तिथे सिझर होऊ शकेल, नाही तर होणार नाही. पाटी नसली तरी चालेल इतकं हे मोठं काम आहे.

बायकांचं म्हणाल तर हैदराबादमध्ये १८८९ च्या सुमारास रूपाबाई फर्दुनजी क्लोरोफॉर्म देत होत्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतात. रात्री जाण्या-येण्याची सोय मात्र मागून घ्यायची. दवाखान्यानं गाडी पाठवावी, आत विश्रांतीची खोली असावी, तिला आतून कडी असावी. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरवर जे अत्याचार झाले, तिचा खून झाला, त्यानंतर हे मागायला कुणी संकोचू नये. तुमची भीती मी खोटी म्हणत नाही. पण त्या भीतीपायी मुलीला घरी ठेवण्यापेक्षा दवाखान्यांना सुरक्षित व्हायला लावायचं.

प्रश्न : डॉक्टर दिनाला आमच्या मंडळानं डॉक्टरांना काय भेट द्यावी? – एक मंडळ, विटा

१ जुलै हा डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्मदिवस आणि स्मृतिदिनही (१८८२–१९६२). भाषणं आणि नारळ पुष्कळ होतात. तुमच्या गावच्या ग्रामीण रुग्णालयात रात्रीच्या ड्युटीवाल्यांच्या खोलीत पंखा चालतो का, पिण्याचं पाणी आहे का, बाथरूमला दिवा आहे का, हे एकदा जाऊन बघा आणि जे नसेल ते करून द्या. सिस्टर आणि वॉर्डबॉय यांनाही बोलवा.

प्रश्न : ऑपरेशनआधी ‘काही खाऊ नका’ सांगतात. नुसता चहा घेतला तर चालतो ना? – एक वाचक, पलूस

दुधाचा चहा चालत नाही, तो खाण्यातच धरायचा. साधारणपणे हलकं जेवण किंवा दूध सहा तास आधी बंद, तळलेलं-मटण वगैरे आठ तास आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. पण तुमचे डॉक्टर सांगतील तेच पाळा. भुलीत घशाची राखण थांबते, पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. “आजोबांना राहवलं नाही म्हणून अर्धा कप दिला” हे नातेवाईक आम्हाला सांगत नाहीत, कारण ऑपरेशन पुढे ढकललं जाईल याची भीती असते. सांगा. ढकललं तर ढकललं.

त्याचबरोबर दमा, फिट, जुनी ऑपरेशनं, तंबाखू, मिश्री, दारू, हलणारा दात, कवळी, वैदूची पुडी, सगळं सांगा. दारूचं बायकोसमोर सांगायचं नसेल तर एकट्यानं बोलायचंय म्हणा, आम्ही बाहेर बोलत नाही. नखांचं पॉलिश काढून या, बोटाचं यंत्र त्यामुळे चुकू शकतं. रोजच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा आणि सकाळची कुठली घ्यायची, कुठली नाही, हे आदल्या दिवशीच विचारून घ्या.