जीन्सवरचा ब्लीचचा डाग
ब्लीचचा डाग धुऊन जात नाही, कारण तिथला निळीचा रंगच नाहीसा झालेला असतो. साबणाने घासत बसलात तर कापड तेवढे विरेल. आधी तो भाग वाहत्या पाण्याखाली भरपूर खळबळून घ्या, पण त्यावर व्हिनेगर मुळीच ओतू नका, कारण त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. डेनिममध्ये उभे धागे निळे आणि आडवे पांढरे असतात, त्यामुळे सपाट रंग फासला की तो लगेच उठून दिसतो. निळ्या फॅब्रिक पेंटमध्ये किंचित काळा मिसळून बारीक ब्रशने विणीच्या तिरप्या रेघांवरूनच हात फिरवा. गोव्याच्या पावसाळी दमट हवेत तो पंख्याखाली पूर्ण वाळू द्या आणि मगच उलट बाजूने इस्त्री करा. डाग मोठा असेल तर म्हापशाच्या बाजारातून गडद निळा दोरा आणून धावदोऱ्याची नक्षी काढणे मला अधिक पसंत आहे.