एचओएशी भांड, पण फी भरत रहा

अरे,

तुझा तो भला मोठा मेसेज काल रात्री वाचला. उत्तर फोनवर टाईप करण्यासारखं नाही म्हणून सकाळी उठून हे पत्रच लिहायला बसले. तुझं म्हणणं असं की दारावरच्या तोरणावरून नोटीस, बाल्कनीत कपडे वाळत घातले म्हणून दंड, खालच्या मजल्यावरच्या बाईंची आवाजाची तक्रार आणि त्यावर कडी म्हणजे सहा हजार डॉलरची स्पेशल असेसमेंट (नेहमीच्या फीवर मागितलेली जादा रक्कम), हे सगळं दीड महिन्यात येऊन आदळलं, आणि आता तू पुढच्या महिन्यापासून एचओएची, म्हणजे घरमालकांच्या असोसिएशनची, फी भरणारच नाहीयेस, बघू काय करतात ते.

काय करतात ते मला माहितीये. आमच्या कॉम्प्लेक्सच्या बोर्डवर मी बरीच वर्षं ट्रेझरर होते आणि फी थांबवलेल्या लोकांच्या फायली माझ्याच टेबलावर यायच्या. त्यातले निम्मे लोक मूळ मुद्द्यावर बरोबर असायचे, आणि तरी हरायचे, कारण त्यांनी भांडायला चुकीची गोष्ट हातात घेतलेली असायची. म्हणून बाकी काही वाचलं नाहीस तरी चालेल पण एवढं ऐक, फी थांबवू नकोस.

कॅलिफोर्नियात एचओएचा जो कायदा आहे, १९८५ चा डेव्हिस-स्टर्लिंग ॲक्ट, त्यात वसुलीची पूर्ण वाट आखून ठेवलीये. ठरलेल्या तारखेनंतर १५ दिवस गेले की तू थकबाकीदार, मग लेट फी लागते, १० टक्के किंवा १० डॉलर यातलं जे जास्त असेल ते, ३० दिवसांनंतर वर्षाला १२ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं. मग सर्टिफाईड मेलने पत्र येतं, त्यानंतर ३० दिवसांनी घरावर लीन, म्हणजे थकबाकीचा कायदेशीर बोजा, टाकता येतो, आणि या सगळ्यात वसुलीचा आणि वकिलाचा खर्च तुझ्याच खात्यावर चढत जातो. मूळ रकमेपेक्षा वकिलाचं बिल मोठं झालेलं मी पाहिलंय आणि ते बघताना खरंच वाईट वाटतं. त्याच्यापुढे फोरक्लोजर, म्हणजे थकबाकीपोटी घरच विकून वसुली. थकलेली असेसमेंट १,८०० डॉलरच्या वर गेली किंवा १२ महिन्यांपेक्षा जुनी झाली की बोर्ड तिथपर्यंत जाऊ शकतं, मग तू बँकेचा हप्ता कितीही वेळेवर भरत असलास तरी. तुझी फी महिना ५२० म्हणालास ना, म्हणजे चौथ्या महिन्यातच तू ती रेषा ओलांडलीस, आणि स्पेशल असेसमेंट नाही भरलीस तर पहिल्याच फटक्यात. आपल्याकडच्या सोसायटीत थकबाकी राहिली तर वर्षानुवर्षं नुसती कुरबुर चालते हे तू लहानपणापासून पाहिलंयस, म्हणून तुला हे गंभीर वाटत नाहीये. इथे वाटायला हवं.

आणि गंमत म्हणजे कायद्याने तुला भांडायला एक चांगला रस्ता दिलाय, फक्त तो कोणी सांगत नाही. पैसे 'अंडर प्रोटेस्ट' भरायचे. म्हणजे पूर्ण रक्कम भरायची, सोबत पत्र द्यायचं की ही रक्कम मला मान्य नाही, हक्क राखून भरतोय, आणि मग स्मॉल क्लेम्स कोर्टात जायचं. तिथे वकील लागत नाही, १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा माणूस स्वतः करू शकतो. तुझे सहा हजार त्यात आरामात बसतात. पण ते सहा हजार खरंच वादाचे आहेत का हे आधी बघू, कारण मला वाटतं तुझा राग तिथे थोडा चुकीच्या जागी आहे.

तुझ्या मेसेजमध्ये लिहिलंय की बाल्कन्यांच्या तपासणीत कुजलेलं लाकूड सापडलं म्हणून ही असेसमेंट, आणि 'माझी बाल्कनी तर ठणठणीत आहे मग मी का भरू'. अरे, कॉन्डोमध्ये, म्हणजे मालकीच्या फ्लॅटच्या इमारतीत, त्या बाल्कनीच्या आतलं लाकूड बहुतेक ठिकाणी सगळ्यांच्या मालकीचं असतं, तुझ्या सीसीअँडआरमध्ये, म्हणजे कॉम्प्लेक्सच्या मूळ नियमांच्या कागदात, बघ. ही तपासणी बोर्डाने हौसेने काढलेली नाही. जून २०१५ मध्ये बर्कलीला एका इमारतीची बाल्कनी वाढदिवसाच्या पार्टीत तुटून पडली, सहा तरुण मुलं गेली, आत पाणी मुरून लाकूड सडलेलं होतं आणि वरून काहीच दिसत नव्हतं. त्यानंतर कायदा झाला, तीन किंवा जास्त घरांच्या कॉन्डो इमारतींमधल्या अशा बाल्कन्या, जिने दर नऊ वर्षांनी इंजिनियर किंवा आर्किटेक्टकडून तपासून घ्यायचे, पहिली तपासणी १ जानेवारी २०२५ च्या आत. फ्लोरिडातल्या सर्फसाईडचं तर तुला आठवत असेलच, जून २०२१ मध्ये कॉन्डोची इमारत कोसळली, ९८ माणसं गेली. तिथेही दुरुस्तीसाठी सुमारे दीड कोटी डॉलरची असेसमेंट ठरलेली होती आणि त्यावरून लोकांची आधी बरीच भांडणं झाली होती. ट्रेझरर म्हणून मला त्या बातमीनंतर झोप लागली नव्हती, कारण आमच्याकडेही दर वर्षी बजेटच्या मीटिंगला कोणीतरी टाळ्या घ्यायचं की यंदाही फी वाढवली नाही. न वाढवलेली फी कुठेतरी साठत जाते रे, आणि मग एक दिवस सहा हजारांचं पत्र होऊन येते.

म्हणून तू विचारायचा प्रश्न वेगळा आहे. रिझर्व्ह फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवायच्या पैशांत, पुरेसे पैसे का नव्हते? कायद्याने बोर्डाला निदान तीन वर्षांतून एकदा इमारतीची पाहणी करून रिझर्व्ह स्टडी करावा लागतो, कुठली गोष्ट किती वर्षं टिकेल, बदलायला किती लागतील, आत्ता किती जमलेत. आर्थिक वर्ष संपायच्या आधी बजेटसोबत त्याचा सारांश तुला पाठवलेला असणार, ईमेलमध्ये शोध, बहुतेक न उघडलेला सापडेल. त्यात 'पर्सेंट फंडेड' असा आकडा असतो, म्हणजे जमायला हवेत त्यातले किती टक्के जमलेत, तो बघ आणि मागच्या चार-पाच वर्षांचे मागून घे, मेंबर म्हणून तुला रेकॉर्ड बघायचा हक्क आहे. दुसरं विचार की असेसमेंट कुठल्या अधिकाराने लावली. वर्षाच्या बजेट केलेल्या खर्चाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त स्पेशल असेसमेंट लावायची असेल तर मेंबरांचं मतदान लागतं, नेहमीची फी एका वर्षात वीस टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची असली तरी तसंच. अपवाद इमर्जन्सीचा, जिवाला धोका सापडला तर. कुजलेली बाल्कनी त्यात बसू शकते, पण मग तसा इंजिनियरचा रिपोर्ट असला पाहिजे आणि तो तुला दाखवायला त्यांना काही हरकत नसावी. शिवाय हप्ते करून द्या म्हणून लेखी विनंती कर, बहुतेक बोर्ड देतात. आणि तुझ्या घराच्या इन्शुरन्स पॉलिसीत 'लॉस असेसमेंट' कव्हर (तुझ्या वाट्याची असेसमेंट भरून देणारं) आहे का बघ, अशा जुन्या झिजेला ते सहसा लागू होत नाही, पण पुढे कधी आग किंवा वादळाच्या नुकसानीची असेसमेंट आली तर उपयोगी पडतं आणि फार महाग नसतं.

आता तोरण. यात तू जिंकशील, अगदी शांतपणे. २०२० पासून कॅलिफोर्नियात कायदा आहे की घराच्या मुख्य दारावर किंवा चौकटीवर धार्मिक वस्तू लावायला एचओए बंदी घालू शकत नाही, दार उघडायला अडथळा नको, कुणाला धोका नको, आकार बेताचा हवा, इतकंच. दोन ओळींचं पत्र लिही, सिव्हिल कोड ४७०६ चा उल्लेख कर, फोटो जोड आणि संपलं. त्यात 'तुम्ही आमच्या धर्माचा अपमान करताय' वगैरे काही नको. ती नोटीस बहुतेक मॅनेजमेंट कंपनीतल्या कुणीतरी महिन्याच्या फेरीत फोटो काढून पाठवलेली असते, त्या माणसाला तोरण म्हणजे काय हेही माहीत नसतं. समजावून सांग, लोक ऐकतात.

कपड्यांचं मात्र तू हरशील आणि ते सोडून दे. कपडे वाळत घालायचा हक्क इथे कायद्यात आहे, पण तो तुझ्या एकट्याच्या वापरातल्या मागच्या अंगणापुरता, आणि बाल्कनीच्या कठड्याला दोरी मानत नाहीत हे त्यात स्पष्ट लिहिलंय. एक स्टँड आण, आत ठेव. दंडाबद्दल एवढं लक्षात ठेव की दंड लावायच्या आधी बोर्डाला तुला निदान १० दिवस आधी लेखी कळवून सुनावणी द्यावी लागते, त्याआधी चूक दुरुस्त केलीस तर दंड लावता येत नाही, आणि जुलै २०२५ पासून साध्या नियमभंगाला १०० डॉलरच्या वर दंड नाही, सुरक्षेचा प्रश्न असेल तर गोष्ट वेगळी. तुला सुनावणी न देता थेट दंडाचं बिल आलंय असं दिसतंय, तर ते लेखी विचार. पण रडारड नको, तारीख आणि मुद्दा एवढंच.

खालच्या बाई. सगळ्यात जास्त काळजी मला याची वाटते, कारण बोर्ड बदलतं, मॅनेजर बदलतो, खालचा शेजारी वीस वर्षं तोच असतो. तू त्यांच्या ईमेलला मॅनेजरला सीसी करून उत्तर दिलंस ते आता झालं, पुढचं उत्तर दारावर जाऊन दे. शनिवारी सकाळी जा, रात्री तक्रार आल्यावर नको. बायकोला आणि छोटीला घेऊन जा, त्यांना एकदा बघू दे की वर धावणारं माणूस केवढंसं आहे. आणि तिथे गेल्यावर स्वतःची बाजू मांडू नकोस, विचार की आवाज कधी जास्त येतो, कुठल्या खोलीत. बऱ्याचदा उत्तर अगदी नेमकं निघतं, सकाळी साडेसहाला खुर्ची ओढल्याचा आवाज, नाहीतर रात्री अकराला बेडरूममध्ये चालल्याचा, आणि मग खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावून, जाड गालिचा टाकून प्रश्न निम्मा तिथेच मिटतो. तू मागच्या वर्षी कार्पेट काढून लाकडी फ्लोअर टाकलास ना? त्याला आर्किटेक्चरल कमिटीची परवानगी घेतली होतीस का, खाली साऊंडप्रूफिंगचा थर घातला का, ते कागद आत्ताच शोधून ठेव. नसेल घेतली तर त्यांनी विचारायच्या आधी तूच अर्ज कर, कारण फ्लोअर उपटून काढायची वेळ आलेली घरं मी ऐकून नाही, बघून आहे.

त्यांच्याशी नाहीच जमलं तर लगेच वकिलाकडे धावू नकोस. दोन शेजाऱ्यांच्या भांडणात बोर्ड सहसा पडायला बघत नाही, पण गावोगाव कम्युनिटी मिडिएशन सेंटर असतात, फुकट किंवा अगदी कमी पैशात, तिसरा माणूस समोर बसला की लोक वेगळे बोलतात. आणि बोर्डाशी वाद असेल तर 'इंटर्नल डिस्प्यूट रिझोल्यूशन'ची मागणी लेखी कर, मेंबरने मागितलं तर बोर्डाला नाही म्हणता येत नाही, तुझ्याकडून त्याची फी घेता येत नाही, एक बोर्ड मेंबर तुझ्यासोबत बसून बोलतो. आमच्याकडची मला आठवणारी बहुतेक भांडणं या एका खोलीत संपली. जी संपली नाहीत ती कोर्टात गेली आणि दोन्हीकडचा पैसा संपला, बोर्डाकडचा पैसा म्हणजे पुन्हा आपलाच.

हे सगळं वाचून तुला वाटेल काकू बोर्डाच्याच बाजूच्या. मी घरमालकांच्या बाजूची आहे, आणि बोर्डावर बसलेलेही घरमालकच असतात, नोकरी करून रात्री आठला बिनपगारी मीटिंगला येणारे. काही जण खरंच अधिकार गाजवायला येतात, नाही म्हणत नाही, पण अशा माणसांना खुर्ची मिळते कारण निवडणुकीला दुसरं कोणी उभंच राहत नाही. मीटिंग मेंबरांना खुली असते, चार दिवस आधी अजेंडा लावावा लागतो आणि तुला बोलायला वेळ द्यावा लागतो. तुमच्या दोनशे घरांतून किती जण जातात विचार, पाच सुद्धा नसतील. पुढच्या तीन मीटिंगा नुसता जाऊन बस. नंतर उभं राहावंसं वाटलं तर मला फोन कर, बजेट कसं वाचायचं ते मी शिकवीन, एका रविवारचं काम आहे.

आत्ता या आठवड्यात एवढं कर. या महिन्याची फी आजच ऑनलाईन भर. तोरणाचं पत्र आणि दंडाच्या सुनावणीचं पत्र वेगवेगळं लिही, एकात घालू नकोस, नाहीतर ते सोप्या मुद्द्याला उत्तर देऊन अवघड मुद्दा गिळतात. रिझर्व्ह स्टडी, इंजिनियरचा रिपोर्ट आणि ज्या मीटिंगमध्ये असेसमेंट ठरली तिचे मिनिट्स मागायचं तिसरं पत्र. तिन्ही मसुदे पाठवायच्या आधी मला ईमेल कर, रागाची वाक्यं मी काढून देते.

काकू