औषध दुकानदार आणि कायदा: तुमचे प्रश्न

प्रश्न: माझं मेडिकल आहे. ड्रग इन्स्पेक्टरने बीपीच्या गोळ्यांचं सॅम्पल नेलं होतं, रिपोर्ट आलाय 'नॉट ऑफ स्टँडर्ड क्वालिटी', म्हणजे ठरलेल्या दर्जाचं नाही. स्ट्रिप सीलबंद होती, मी फक्त विकली, मग नोटीस मला का?

कारण अशा औषधाला मनाई करणारं औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० चं कलम १८ बनवणाऱ्याला लागतं तसं विकणाऱ्यालाही लागतं. पण घाबरून जाऊ नका, कलम १९(३) तुमच्यासारख्यांच्या बचावासाठीच आहे. त्यात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात आणि तिन्ही लागतात, दोनवर भागत नाही: माल लायसन्सवाल्याकडूनच घेतला, वाजवी काळजी घेऊनही दोष कळण्यासारखा नव्हता, आणि तुमच्याकडे तो नीट ठेवलेला होता, आला तसाच राहिला. पहिली गोष्ट बिलाने होते, पण बिलावर बॅच नंबर एक आणि स्ट्रिपवर दुसराच असला तर ते बिल तुमच्या काहीच कामाचं नाही, म्हणून माल उतरवतानाच टॅली करा. तिसऱ्या गोष्टीकडे बरेच जण लक्षच देत नाहीत. लेबलवर २५ अंशांखाली ठेवा लिहिलेलं असतं आणि खोके खिडकीतल्या उन्हात, मग कंपनीचा वकील बरोबर तिथेच बोट ठेवतो.

आता लगेच करायचं ते सांगतो. त्या बॅचची विक्री थांबवा, उरलेला माल बाजूला काढा. कुणाकडून घेतला ते इन्स्पेक्टरने विचारलं की नाव-पत्ता द्या, कलम १८अ तेच सांगतं, लपवलंत तर तो वेगळा गुन्हा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि रिपोर्ट मान्य नसेल तर कॉपी हातात पडल्यापासून २८ दिवसांत लेखी कळवा की विरोधात पुरावा द्यायचाय, नाहीतर कोर्टात तो रिपोर्टच अंतिम पुरावा धरला जातो. डिस्ट्रिब्युटर म्हणतो मी बघतो, म्हणून गप्प बसू नका, तारीख तुमची चुकते त्याची नाही.

प्रश्न: ओळखीतला एक जण ब्रँडेड माल बिलाशिवाय बराच स्वस्त देतो. घ्यावा का?

अजिबात नाही. बिल नाही म्हणजे वरचा बचाव गेलाच. आणि माल बनावट निघाला तर कलम २७(क), कैद किमान ७ वर्षं, जन्मठेपेपर्यंत, दंड किमान ३ लाख किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, जे जास्त असेल ते. त्यातून कुणी दगावलं तर शिक्षा १० वर्षांपासून पुढे. कुणीतरी ती गोळी विश्वासाने घेणार आहे हो, थोड्या मार्जिनसाठी हा खेळ करू नका.

प्रश्न: लायसन्सची रिटेन्शन फी (लायसन्स पुढे चालू ठेवायची फी) भरायची राहिली, दुकान चालू ठेवलं तर?

मुदत उलटल्यावर सहा महिन्यांपर्यंत लेट फीसकट भरता येते. त्यानंतर लायसन्स रद्द झालं असंच धरतात आणि मग विकणं म्हणजे विनापरवाना विक्री, किमान ३ वर्षं कैद. आजच भरा.

प्रश्न: गोळीचा रंग उडालाय, हातात घेतली की चुरा होतो. दुकानदार बिल देत नाही. मी पेशंट आहे, काय करू?

उरलेली स्ट्रिप फेकू नका, न उघडलेल्या गोळ्या तशाच राहू द्या, बॅच नंबर आणि एक्सपायरीचा फोटो काढा आणि एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) लेखी तक्रार करा. बिल देणं दुकानदाराचं काम आहे, देत नाही हेही तक्रारीत लिहा. कलम २६ प्रमाणे फी भरून तुम्ही स्वतःसुद्धा विकत घेतलेलं औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता, हे फार थोड्यांना माहीत असतं. नुकसान झालं असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा उघडा आहेच. तोवर औषध आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा आणि दुसऱ्या बॅचचं घ्या, बिलासकट.