फौजींच्या साताऱ्यात शस्त्रव्यापाराविरुद्ध बैठका घेणं म्हणजे सैन्याला विरोध नाही का? आणि पंधरा-वीस माणसं जमून होतं तरी काय?

मी या बैठकांना जातो, त्यामुळं सांगायला हरकत नाही. पहिल्याचं उत्तर नाही. मी स्वतः फौजी घरातला आहे, आजोबा मराठा लाईट इन्फंट्रीत, चुलते सिग्नलमधून रिटायर, आणि आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचंच गाव आहे जिथली ४६ माणसं पहिल्या महायुद्धात गेली, ती पण इंग्रजांच्या लढाईत. इथं सैन्याबद्दल वाकडं बोलणारी बैठक कोण घेईल आणि घेतलीच तर घरी जेवायला कोण वाढेल!

पण जवान वेगळा आणि दलाल वेगळा. बोफोर्सचंच बघा ना, १९८६ ला ४१० तोफांचा सौदा, १९८७ ला स्वीडिश रेडिओनं दलालीची बातमी फोडली, पुढं जे रामायण झालं ते सगळ्यांना माहितीये. आणि तीच तोफ १९९९ ला कारगिलमध्ये कामाला आली. म्हणजे माल खराब नव्हता, मधल्यांचे खिसे भरले त्याबद्दल बोंब होती. हे एवढं सांगितलं की निम्मे विरोधक गप्प होतात, उरलेले निम्मे मात्र खरे प्रश्न विचारतात आणि मला तेच जास्त आवडतात.

एकदा एक रिटायर्ड सुभेदार आलेले, हातात कॅन्टीनची पिशवी तशीच, मागं बसून सगळं ऐकून घेतलं आणि मग उभं राहून म्हणाले, "मग आमच्या पोरांनी बॉर्डरवर काय काठ्या घेऊन उभं राहायचं?" बैठक चालवणाऱ्या बाई रिटायर्ड शिक्षिका, त्या काय ऐकतायत. म्हणाल्या, "पोराच्या हातातली रायफल कोण काढून घेतंय, साहेब? ती कुणाला किती कमिशन देऊन आली हे विचारायचा पहिला हक्क त्याचाच आहे." सुभेदारांना काही ते पटलं नाही. पण विषय भूसुरुंगांवर गेला तेव्हा तेच बोलायला लागले, २००१-०२ च्या ऑपरेशन पराक्रममध्ये राजस्थान-पंजाबच्या बॉर्डरवर आपणच पेरलेले सुरुंग, पेरताना आणि नंतर काढताना आपलेच जवान कसे जखमी झाले, शेतकऱ्यांच्या जमिनी कशा अडकून पडल्या, वाळूत सुरुंग जागेवरून सरकतो आणि मग नकाशाला काही अर्थ राहत नाही. आमच्यापैकी कुणाला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं.

आता दुसरा प्रश्न, पंधरा-वीस माणसांनी होतं काय. या सुरुंगांच्याच विरोधात १९९२ ला सहा संस्था एकत्र आल्या, १९९७ ला सुरुंगबंदीचा ओटावा करार झाला आणि त्याच वर्षी त्या मोहिमेला शांततेचं नोबेल. आपण त्यावर सही केलेली नाही, चीन-पाकिस्ताननं पण नाही, ते असो. ब्रिटनमध्ये कॅम्पेन अगेन्स्ट आर्म्स ट्रेड ही संघटना १९७४ पासून आहे, त्यांनी सरकारला कोर्टात खेचलं आणि जून २०१९ ला अपील कोर्टानं सांगितलं की येमेनवर बॉम्ब टाकणाऱ्या सौदीला शस्त्रविक्रीचे परवाने देताना आधी तिथं युद्धाचा कायदा मोडला गेला का हे सरकारनं नीट तपासलंच नाही, सबब ते बेकायदेशीर. वर्षभरानं सरकारनं परवाने परत चालू केले आणि पुढची केस २०२३ ला संघटना हरली, हे पण सांगायला पाहिजे नाहीतर मी नुसतं गोड गोड सांगतोय असं व्हायचं. त्याच २०१९ मध्ये इटलीत जेनोआच्या गोदी कामगारांनी सौदीच्या जहाजात लष्करासाठी जाणारा माल चढवायला नकार दिला, जहाज तो माल न घेताच गेलं. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याकडच्या बंदर कामगारांच्या फेडरेशननं पण इस्रायलला जाणारी शस्त्रं हाताळणार नाही असं जाहीर केलं.

आपल्याकडं हा विषय आता जास्तच जवळ आलाय असं माझं मत. आजवर आपण खरेदीदार, त्यामुळं भांडण कमिशनचं. आता आपण विकतोय पण, २०२४-२५ ला संरक्षण निर्यात २३,६२२ कोटींची झाली, फिलिपिन्सला ब्रह्मोस गेलं. त्याचा अभिमान वाटणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण कुणाला काय विकलं आणि त्यानं कुणावर चालवलं हे विचारायला नको का? २०१३ ला युनोत शस्त्रव्यापार करारावर मतदान झालं तेव्हा भारत तटस्थ राहिला, विकणाऱ्या देशांना झुकतं माप आहे आणि अतिरेक्यांना शस्त्रं पोचण्याबद्दल करार कच्चा आहे असं आपलं म्हणणं होतं. त्यात तेव्हा तथ्य होतं. पण आता आपणच विकणाऱ्यांच्या रांगेत आहोत, मग तेच कारण किती दिवस पुरणार?

बैठकीत करतो काय म्हणाल तर बहुतेक कागदपत्रं. माहिती अधिकारात अर्ज टाकला की कलम ८ दाखवून सुरक्षेच्या नावाखाली नकार येतो, मग अपील. त्यापेक्षा खासदारांकडून लोकसभेत लेखी प्रश्न टाकून घेणं बरं पडतं कारण उत्तर रेकॉर्डवर येतं आणि कुणालाही वाचता येतं. प्रश्न मात्र नेमका पाहिजे, "निर्यात किती" विचारलं की नुसता कोटीचा आकडा फेकतात, देश कुठला, वस्तू काय आणि ती पुढं तिसऱ्याला न देण्याची हमी घेतली का असं तोडून विचारावं लागतं. तो मसुदा तयार करण्यातच अख्खी संध्याकाळ जाते, चहा दोनदा होतो आणि एका स्वल्पविरामावरून वाद पण होतात.

यायचं असेल तर या, आणि घरात कुणी फौजी असेल तर त्यांना पण घेऊन या. तो सुभेदारांचा काठ्यांचा प्रश्न अजून मिटलेला नाही.