परराष्ट्र सेवेत (आयएफएस) न जाता परराष्ट्र खात्याची वकील होता येतं का?

तुमचा प्रश्न असा: पुतणी मिरामारला कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे, तिला आंतरराष्ट्रीय कायद्यात जायचंय. घरचे म्हणतात, गोव्यात त्याला कोण विचारतंय? या वाटेने गेलेली कोणी भारतीय बाई आहे का?

आहे. नीरू चढ्ढा, परराष्ट्र मंत्रालयाच्या कायदा अधिकारी होत्या. गंमत म्हणजे हे नाव आमच्या बार रूममध्येही चारजणांना ठाऊक नसेल.

मी फोंड्याला वकिली करते. भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराचं घर, भावाभावांची वाटणी, शेजाऱ्याने सरकवलेला बांध, हेच माझं रोजचं. म्हणून चढ्ढाबाईंच्या कामातला बंगालच्या उपसागराचा खटला मला सगळ्यात जवळचा वाटतो. तोही शेवटी बांधाचाच तंटा.

बांगलादेशने २००९ मध्ये भारताविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादापुढे समुद्री सीमेचा दावा लावला. त्यात चढ्ढा भारताच्या एजंट होत्या. आपल्याकडे एजंट म्हटलं की आरटीओबाहेरचा माणूस आठवतो, पण अशा खटल्यात एजंट म्हणजे देशाच्या वतीने बोलणारा अधिकृत प्रतिनिधी. युक्तिवादाला बाहेरचे नामवंत वकील असतात, पण कोर्टाच्या दृष्टीने एजंटचा शब्द हा सरकारचा शब्द. मुत्सद्देगिरी आणि वकिली एकाच खुर्चीत बसते ती इथे.

सीमेची सुरुवात हरियाभंगा नदीच्या मुखापाशी. रॅडक्लिफने १९४७ मध्ये आखलेली फाळणीची रेघ तिथे पाण्यात उतरते, आणि तो किनारा दर वर्षी आकार बदलतो. ज्या न्यू मूर बेटावरून दोन्ही देश वर्षानुवर्षं भांडले, ते मधल्या काळात पाण्याखाली गेलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये लवाद स्वतः जागा बघायला गेला. आमच्याकडे सर्व्हेअर साखळी घेऊन मेरेवर उभा राहतो आणि दोन्ही पक्ष त्याच्या पायाकडे बघत राहतात, ते दृश्य मला आठवलं.

बांगलादेशला रेघ सरळ दक्षिणेला, म्हणजे १८० अंशांवर हवी होती. लवादाने मुख्य टप्प्यात दिली १७७ अंश ३० मिनिटांवर. ७ जुलै २०१४ च्या निवाड्यात वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशला गेले. म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त गेलं की हो! पण भारताने निवाडा मानला आणि चाळीसेक वर्षांचा वाद मिटला. जिंकलेली केस पक्षकाराला समजवावी लागत नाही. कमी मिळालेली गळी उतरवताना वकिलाचा कस लागतो, हे मी अनुभवाने सांगते.

मग २०१५ मध्ये हॅम्बुर्गचं सागरी कायदा न्यायाधिकरण. ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन जहाजावरच्या नौसैनिकांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळजवळ, किनाऱ्यापासून सुमारे साडेवीस सागरी मैलांवर, दोन मच्छीमारांना गोळ्या घातल्या होत्या. १२ मैलांची प्रादेशिक हद्द तिथे संपलेली, २०० मैलांचं आर्थिक क्षेत्र चालू. बेतूलच्या किंवा मालिम जेटीवरच्या कोणत्याही ट्रॉलरवाल्याला ही जागा समजावून सांगायला नको. या प्रकरणी इटली न्यायाधिकरणात गेला, तेव्हाही चढ्ढा भारताच्या एजंट होत्या. इटलीला हवी तशी भारतात अडकलेल्या सैनिकाची सुटका मिळाली नाही, पण दोन्ही देशांनी आपापल्या कोर्टातलं कामकाज थांबवावं असा आदेश झाला.

आणि दोनच वर्षांनी, जून २०१७ मध्ये, १२० मतं घेऊन त्या त्याच न्यायाधिकरणावर निवडून आल्या. तिथली पहिली भारतीय स्त्री न्यायाधीश, मुदत नऊ वर्षांची.

त्यांच्या आधीचा एक खटला मात्र पुतणीला आवर्जून वाचायला द्या. परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या स्त्री अधिकारी चोणिरा बेलियप्पा मुथम्मा १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टात गेल्या. नियम काय होता? बाईने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि लग्नानंतर सरकारला वाटलं तर राजीनामा द्यायचा. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारची चांगलीच हजेरी घेतली. निकाल जेमतेम काही पानांचा आहे, एका चहात वाचून होतो.

आता वाटेचं. परराष्ट्र मंत्रालयात विधी व करार विभाग वेगळा आहे. त्यात कायद्याचे अधिकारी घेतले जातात, यूपीएससी त्याच्या जागांची स्वतंत्र जाहिरात काढते. म्हणजे नेहमीच्या नागरी सेवा परीक्षेतून परराष्ट्र सेवेतच जायला हवं असं नाही. जागा मात्र मोजक्या, दरवर्षी निघतीलच असं नाही. एलएलएम आणि थोडी वर्षं वकिली हाताशी ठेवावी.

‘गोव्यात कोण विचारतंय’चं उत्तर वास्कोत आहे. भारताने मे २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे आपल्या खंडमंचाचा, म्हणजे किनाऱ्यापासून पाण्याखाली पसरत गेलेल्या समुद्रतळाचा, दावा दाखल केला, त्यामागच्या समुद्रतळाच्या सर्वेक्षणाची जुळवाजुळव सड्यावरच्या ध्रुवीय संशोधन केंद्राने केली होती. पुतणीला म्हणावं, तिथल्या भूशास्त्रज्ञांना भेटता येतंय का बघ. बंगालच्या उपसागराचा निवाडा हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. जाताना त्यातले नकाशे छापून घेऊन जा, कारण कलमं तिला कॉलेजात शिकवतील, नकाशा कसा वाचायचा ते तिथलेच लोक सांगतील.