तळाजवळच्या छिद्रातून साठवण तळं रिकामं व्हायला संगणकावरचं मॉडेल हाताने केलेल्या हिशेबाच्या दुप्पट वेळ का दाखवतंय?

मॉडेल बरोबर आहे, तुमचा भागाकार चुकलाय. ५०० घनमीटर भागिले सुरुवातीचा विसर्ग (छिद्रातून दर सेकंदाला जाणारं पाणी) असं केलंत म्हणून ६.७ तास आले. पण पातळी उतरते तसा विसर्गही घटतो.

सूत्र: Q = ०.६ × A × √(२gh). Q म्हणजे विसर्ग, A छिद्राचं क्षेत्रफळ, g गुरुत्वाकर्षणाचा त्वरण आणि h छिद्रावरच्या पाण्याची उंची. h छिद्राच्या मध्यापासून मोजायचा, तळ्याच्या तळापासून नाही. १०० मिमी व्यासाच्या छिद्रातून १ मीटर पाण्याखाली सेकंदाला साधारण २१ लिटर जातात, पाव मीटर उरलं की जेमतेम साडेदहा. उभ्या भिंतींच्या तळ्यात वेळ बरोबर दुप्पट येतो, म्हणजे सुमारे १३.३ तास. उतरत्या काठांच्या तळ्यात हे गुणोत्तर बदलतं, म्हणून मॉडेलमध्ये पातळी-क्षेत्रफळाचा तक्ता (कोणत्या पातळीला पाण्याचं क्षेत्रफळ किती) दर १०-२० सेंमीला भरा.

पाणी छिद्राच्या वरच्या कडेखाली आलं की तिथे वेअरसारखा, म्हणजे बांधाच्या कडेवरून सांडणाऱ्या पाण्यासारखा प्रवाह सुरू होतो. वरचं सूत्र तिथे लावू नका. खालचा नाला तुंबून छिद्र बाहेरूनही बुडालं असेल तर h म्हणजे दोन्हीकडच्या पातळ्यांतला फरक. हे हमखास राहून जातं, आणि तळं कागदावर प्रत्यक्षापेक्षा लवकर रिकामं होतं. अर्धं छिद्र पाल्यापाचोळ्याने बुजलंय असं धरूनही मॉडेल एकदा नक्की चालवून बघा: वेळ पुन्हा दुप्पट होईल, आणि पुढचा पाऊस त्याआधीच येऊ शकतो.