फ्लूची उसनी कात्री : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई, माझी लेक बारावी सायन्सला आहे. ती म्हणते आरएनए व्हायरस बहुतेक पेशीच्या सायटोप्लाझममध्येच (केंद्रकाबाहेरच्या भागात) आपलं काम उरकतात, पण फ्लूचा व्हायरस मात्र थेट न्यूक्लियसमध्ये (केंद्रकात) घुसतो, असं का? तिच्या सरांनी 'स्प्लायसिंगसाठी' एवढंच सांगितलं आणि पुढचा चॅप्टर घेतला. मी कॉमर्सवाली, मला काय कळणार! (एक आई, कोथरूड)

उत्तर : सरांचं चुकलं नाहीये पण अर्धंच सांगितलंय. आधी स्प्लायसिंग म्हणजे काय ते बघू. आपल्या जीनवरून जी आरएनएची कॉपी निघते ना, तिच्यात मधेमधे नको असलेला मजकूर असतो, तो कापून उरलेले तुकडे जोडायचे आणि मग ती कॉपी बाहेर पाठवायची. हे कापाकापीचं मशीन म्हणजे स्प्लायसोसोम आणि ते असतं न्यूक्लियसमध्ये. गंमत म्हणजे हा प्रकार पहिल्यांदा सापडला तोही एका व्हायरसमध्येच, १९७७ साली, अ‍ॅडेनोव्हायरसमध्ये. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांना त्यासाठी १९९३ चं नोबेल मिळालं.

आता फ्लू. इन्फ्लुएंझा ए या फ्लूच्या प्रकाराकडे आरएनएचे फक्त आठ तुकडे, सगळे मिळून साधारण साडेतेरा हजार अक्षरं. एवढ्याशा जागेत संसार थाटायचा तर एका तुकड्यातून दोन प्रोटीन काढावी लागतात. हे वाक्य बघा : 'बाबा उद्या घरी नाहीयेत, परवा येतील.' यातलं 'घरी नाहीयेत, परवा' कापा. काय उरलं? 'बाबा उद्या येतील.' सुरुवात तीच, निरोप भलताच! सातव्या तुकड्याची कॉपी न कापता वाचली तर एम१ नावाचं प्रोटीन मिळतं, कापून वाचली तर एम२. आठव्याचं तसंच, न कापता एनएस१ आणि कापून एनईपी. सुरुवातीची नऊ-दहा अमिनो आम्लं (प्रोटीनच्या माळेतले मणी) दोन्हीत सारखी, पुढे सगळं वेगळं. आणि कात्री व्हायरसची स्वतःची नाहीच, आपल्या पेशीची, उसनी आणलेली, म्हणून तर न्यूक्लियसमध्ये जावं लागतं.

पण एक भानगड आहे आणि मला तीच सगळ्यात आवडते. व्हायरसला सगळ्याच कॉप्या कापलेल्या नको असतात. न कापलेल्या पण हव्यात, आणि भरपूर हव्यात. आपली पेशी अर्धवट कॉपी सहसा बाहेर सोडत नाही, फ्लूला मात्र दोन्ही प्रकार बाहेर काढायचे असतात. म्हणून त्याने कापायच्या खुणाच मुद्दाम कच्च्या ठेवल्यात. आठव्या तुकड्याच्या कॉप्यांपैकी जेमतेम दहाएक टक्के कापल्या जातात. म्हणजे सुरुवातीला एनएस१ चा पूर, ते आपल्या इंटरफेरॉनची, म्हणजे पेशीच्या धोक्याच्या इशाऱ्याची, बोंब दाबून टाकतं, आणि एनईपी हळूहळू साचत राहतं. एनईपीचं काम काय, तर तयार झालेला व्हायरसचा माल न्यूक्लियसबाहेर काढायचा. ते पुरेसं साचलं की बाहेर पडायची वेळ झाली, घड्याळच म्हणा ना! २०१३ मध्ये काही संशोधकांनी कापण्याचं हे प्रमाण मुद्दाम बदलून बघितलं तर माल भलत्याच वेळी बाहेर पडायला लागला आणि इन्फेक्शनच फसलं. आळशी कात्री हीच त्याची हुशारी.

आणि हे नुसतं नशिबावर सोडलेलं नाहीये बरं का. व्हायरसचा पॉलिमरेज (त्याचं कॉप्या काढायचं मशीन) पेशीतल्या रेड आणि एसएमयू१ या प्रोटीनच्या जोडीला धरून आणतो, ते कमी केले की एनईपी कमी बनतं. एम२ साठी एचएनआरएनपी-के नावाचं आपलंच प्रोटीन मदतीला घेतलं जातं, तिथे मध्यस्थी करतं एनएस१-बीपी, म्हणजे एनएस१ ज्याला चिकटतं ते आपलंच आणखी एक प्रोटीन. आणि एनएस१ दुसरीकडे आपल्या कॉप्यांची शेपटी जिथे कापली जाते तिथलं एक प्रोटीन अडवून ठेवतं, मग आपले निरोप न्यूक्लियसमध्येच कुजत पडतात. व्हायरसला त्याची फिकीर नाही कारण तो स्वतःची शेपटी स्वतःच बनवतो. आणि डोकं? ते आपल्या कॉप्यांवरून चोरतो, पुढची दहा-तेरा अक्षरं टोपीसकट (टोपी म्हणजे कॉपीच्या सुरुवातीला लावलेली खूण) कापून स्वतःला लावतो. ही कात्री मात्र त्याची स्वतःची आहे.

लेकीला एक अजून सांगा, सर खूश होतील : इन्फ्लुएंझा बी मध्ये सातवा तुकडा कापतच नाहीत. तिथे रायबोसोम (पेशीचं प्रोटीन बनवायचं मशीन) एक प्रोटीन संपवून तिथल्या तिथे पुढचं सुरू करतो.

प्रश्न : मग ही कात्रीच बंद करणारं औषध का नाही काढत? २००९ ला स्वाइन फ्लूच्या वेळी आम्ही पुण्यात मास्क लावून टॅमीफ्लूसाठी रांगेत उभे होतो. (निवृत्त बँक कर्मचारी)

उत्तर : काका, कात्री आपली आहे हाच तर घोळ आहे! ती बंद केली तर व्हायरसच्या आधी आपल्याच पेशी आडव्या होतील. प्रयोग चालू आहेत, पण सगळी कात्री न अडवता फक्त व्हायरसला लागणारे मदतनीस अडवायचे असा विचार आहे. कापून तयार होणारं जे एम२, त्याला बंद करणारं अमँटाडीन हे औषध जुनं आहे, पण व्हायरसने एम२ मधलं एकच अमिनो आम्ल बदललं आणि ते निकामी केलं. २००९ चा व्हायरस तर आला तोच अमँटाडीनला दाद न देता, म्हणून तुम्हाला टॅमीफ्लू, ते न्यूरामिनिडेज या व्हायरसच्या दुसऱ्याच प्रोटीनला धरतं. २०१८ पासून बॅलोक्सेव्हिर पण आहे, ते वर सांगितलेली टोपीचोरी थांबवतं. चोराची स्वतःची कात्री पकडायची, आपली नाही. आणि ही औषधं डॉक्टरांना विचारूनच, दुकानात जाऊन मागायची नाहीत.

प्रश्न : कोरोना पण असंच करतो का? (अकरावीतला विद्यार्थी)

उत्तर : नाही रे. तो न्यूक्लियसमध्ये जाऊन स्वतःच्या कॉप्या कापून घेत नाही, सायटोप्लाझममध्येच राहतो आणि छोट्या कॉप्या काढायची त्याची पद्धत वेगळी आहे. पण त्याचं एनएसपी१६ नावाचं प्रोटीन आपल्या स्प्लायसोसोमच्या आरएनएला जाऊन चिकटतं आणि आपली कापाकापी बिघडवतं, हे २०२० मध्ये दिसून आलं. म्हणजे फ्लू कात्री उसनी घेऊन वापरतो, आणि हा ती बोथट करून ठेवतो.